मालकी पुण्यात, मैदान ब्लॅकबर्नमध्ये

इंग्लंडच्या लँकेशायरमधलं ब्लॅकबर्न हे लाख-सव्वा लाख वस्तीचं गाव. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब नोव्हेंबर २०१०पासून पुण्याच्या ताब्यात आहे. कोंबडी-अंड्यांच्या धंद्यात देशभर नाव असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे वेंकीजने, तो २ कोटी ३० लाख पाउंडांना घेतला आणि क्लबावरचं कर्जही शिरावर घेतलं. आपल्या शहरातली कंपनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला संघ विकत घेते याचं तेव्हा इथे कौतुक झालं. पुढे त्या गावात काय काय घडलं, याची चर्चा मात्र इथे जवळजवळ झालीच नाही. ती व्हावी म्हणून हे मुद्दे मांडतो आहे. माझं म्हणणं एवढंच, की फुटबॉल क्लब विकत घेणारा माणूस त्याचा विश्वस्त होतो, आणि विश्वस्ताकडून हिशेब मागायची सोय कायद्यात असली पाहिजे.

१. क्लब मालकाच्या आधीपासून गावाचा असतो.

ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं गाव. लँकेशायरच्या गिरण्या आपल्याला शाळेच्या इतिहासातून माहीत असतात. विदेशी कापडाच्या होळ्या ज्या कापडाच्या झाल्या ते याच पट्ट्यातून यायचं. १९३१ साली गांधीजी बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटायला गेले ते डार्वेन ब्लॅकबर्नच्या अगदी शेजारी आहे. रोव्हर्सची स्थापना १८७५ची. १८८८मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. १८८४ ते १८८६ ही ओळीने तीन वर्षं एफए कप या गावात आला. एवूड पार्क हे मैदान १८९०पासून त्यांचं आहे.

याच गावात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक नावाचा आणखी एक क्लब होता. १८८३मध्ये त्याने ओल्ड इटोनियन्स या बड्या घरच्या पोरांच्या संघाला हरवून एफए कप जिंकला. कामगारांच्या संघाने हा चषक नेण्याची ती पहिली वेळ. त्या संघामागे पैसा होता सिडनी येट्स या लोखंडाच्या ओतशाळेच्या मालकाचा. पण एका धनिकाच्या बळावर उभा राहिलेला हा क्लब टिकला नाही. कप जिंकल्यावर सहा वर्षांत, १८८९ साली, तो बंद पडला. एकाच खिशावर अवलंबून राहण्यातला धोका ब्लॅकबर्नने इतक्या लवकर पाहिला होता. रोव्हर्स त्यानंतरही उभा राहिला, कारण तो गावात जास्त खोल रुजलेला होता. गिरण्या बंद झाल्या, कामगार पांगले, १९६०नंतर गुजरातमधल्या भरूच-सुरतकडची आणि पाकिस्तानातली कुटुंबं वस्तीला आली, आणि शनिवारची मॅच चालूच राहिली.

२. क्लबाकडे नफ्याचं साधन म्हणून पाहायला एकेकाळी बंदी होती.

इंग्लंडमध्ये क्लब कायद्याने कंपन्याच होते, पण फुटबॉल असोसिएशनने त्यांच्या पायात बेड्या घातल्या होत्या. भागधारकांना द्यायच्या लाभांशाला कमाल मर्यादा, संचालकांनी पगार घ्यायचा नाही, आणि क्लब गुंडाळला तर उरलेली मालमत्ता मालकांनी वाटून घ्यायची नाही, असे ते नियम होते. क्लबाचा अध्यक्ष म्हणजे गावातला दुकानदार, बांधकामवाला, गिरणीमालक. त्यात मिरवणं होतं, मानपान होता, मनमानीही होती. पण खिसा भरायची वाट बंद होती. १९८३मध्ये टॉटनहॅम हॉटस्पर लंडनच्या शेअर बाजारात उतरला. क्लबाच्या वर एक मूळ कंपनी उभी करून हे नियम बाजूला ठेवले गेले, आणि असोसिएशन गप्प राहिली. पुढचं सगळं या गप्प राहण्यातून आलं असं मी मानतो.

३. जॅक वॉकर: मालक कसा असावा याचं सर्वांत चांगलं उदाहरण.

वाईट मालकाचं उदाहरण घेऊन नियम मागणं सोपं असतं. मी चांगल्यापासून सुरुवात करतो.

जॅक वॉकर १९२९मध्ये ब्लॅकबर्नमध्ये जन्मले. शाळा लवकर सुटली, हाताला पत्राकाम लागलं. वडिलांचा छोटा धंदा होता. तो जॅक आणि त्यांचा भाऊ फ्रेड यांनी वॉकरस्टील नावाने इतका वाढवला की १९८९-९०च्या सुमारास ब्रिटिश स्टीलने तो तीस कोटी पाउंडांहून जास्त किमतीला घेतला. जॅक तोवर कर वाचवण्यासाठी जर्सी बेटावर राहायला गेले होते. (हेही नोंदवायला हवं, गावावर प्रेम करणारा माणूस देशाचा कर टाळायला बेटावर राहत होता.) रोव्हर्सवर त्यांचा जीव लहानपणापासून. १९८८मध्ये मैदानाच्या रिव्हरसाइड बाजूचा स्टँड उभा राहिला त्याला त्यांच्या कारखान्याचं पोलाद लागलं. जानेवारी १९९१मध्ये त्यांनी क्लबच ताब्यात घेतला. तेव्हा रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत रखडत होता.

पुढची चार वर्षं इंग्लिश फुटबॉलमध्ये दंतकथेसारखी सांगितली जातात. लिव्हरपूल सोडून घरी बसलेल्या केनी डाल्ग्लिशला ऑक्टोबर १९९१मध्ये मॅनेजर म्हणून आणलं. १९९२मध्ये संघ नव्याने सुरू होणाऱ्या प्रीमियर लीगमध्ये चढला. अॅलन शिअररला ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रमी भाव देऊन घेतलं. १९९४मध्ये क्रिस सटनसाठी ५० लाख पाउंड मोजून तो विक्रम पुन्हा मोडला. एवूडचे तीन स्टँड पाडून नवे बांधले. १४ मे १९९५ रोजी शेवटचा सामना लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर होता. रोव्हर्स तो २-१ असा हरला, पण त्याच वेळी लंडनमध्ये वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला १-१ असं रोखलं आणि विजेतेपद ब्लॅकबर्नला आलं, १९१४नंतर पहिल्यांदा. त्या दिवशी वॉकर मैदानावर होते, त्यांचे डोळे भरून आले होते.

वॉकर नेहमी बातम्यांत असले तरी ते क्लबाचे अध्यक्ष नव्हते. ते पद रॉबर्ट कोर यांच्याकडे होतं. मालक एक आणि कारभार पाहणारा दुसरा, ही विभागणी त्यांनी पाळली. ब्रॉकहॉल इथे त्यांच्या पैशातून सरावाची मैदानं आणि अकादमी उभी राहिली; डॅमियन डफ, डेव्हिड डन, पुढे फिल जोन्स अशी पोरं तिथून वर आली. मैदानाबाहेर आज वॉकर यांचा पुतळा आहे, एका स्टँडला त्यांचं नाव आहे. गावाने ते मनापासून दिलं आहे.

४. तरीही चांगला मालक ही व्यवस्था होऊ शकत नाही.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वॉकर यांच्या दानतीला बोट लावायला जागा नाही. पण त्यांनी क्लब अशा उंचीवर नेला की जिथला खर्च ब्लॅकबर्नसारखं गाव तिकिटांच्या पैशातून कधीच पेलू शकलं नसतं. शिअरर १९९६मध्ये दीड कोटी पाउंड या तेव्हाच्या जागतिक विक्रमी भावाने न्यूकॅसलला गेला, १९९९मध्ये संघ खाली घसरला, ऑगस्ट २०००मध्ये वॉकर वारले. २००१मध्ये संघ पुन्हा वर आला, २००२मध्ये टॉटनहॅमला हरवून लीग कपही जिंकला. पण मालकी होती जर्सीतल्या कौटुंबिक ट्रस्टकडे, आणि ट्रस्टचं पहिलं कर्तव्य कुटुंबाच्या संपत्तीशी असतं. त्यांनी हळूहळू हात आखडता घेतला आणि गिऱ्हाईक शोधायला घेतलं.

गिऱ्हाईक निवडताना गावाला विचारायची गरजच नव्हती. मैदान कुणाकडे जाणार, अकादमीचं काय, नवा मालक किती वर्षं पैसा घालणार, यावर गावाची सही लागेल असं एकही कलम कुठे नव्हतं. वॉकर हयात असताना त्यांनी असं काही लिहून ठेवलं असतं, मैदानाची जमीन वेगळ्या सार्वजनिक न्यासाकडे दिली असती, तर आज चित्र निराळं असतं. त्यांना ते सुचलं नाही, आणि सुचवणारं कुणी नव्हतं. चांगला माणूस मालक असला की लोक कागद मागत नाहीत. पुढे तोच कागद हवा असतो.

५. पुण्याच्या मालकीची पंधरा वर्षं.

वेंकीज समूह डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये सुरू केला. भारतात कुक्कुटपालन हा शेतकऱ्याचा जोडधंदा म्हणून उभा करण्यात आणि राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन करण्यात त्यांचा वाटा फार मोठा. १९९०मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पश्चात समूह अनुराधा देसाई आणि त्यांचे बंधू व्यंकटेश व बालाजी राव यांच्याकडे आहे. धंद्यातला त्यांचा अनुभव कमी नाही. फुटबॉलचा अनुभव मात्र नव्हता. अनुभव नसणं हा गुन्हा नाही. पण अनुभवी माणसांना दूर करणं ही चूक होती.

क्लब घेतल्यावर महिन्याच्या आत, १३ डिसेंबर २०१०ला, मॅनेजर सॅम अॅलर्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, धोक्यापासून बऱ्यापैकी लांब. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. मुख्य मॅनेजर म्हणून हे त्यांचं पहिलंच काम. बरीच वर्षं कारभार सांभाळलेले अध्यक्ष जॉन विल्यम्स काही महिन्यांत बाहेर पडले. रोनाल्डिन्योला आणायच्या वार्ता झाल्या. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडी खाताहेत अशी जाहिरात निघाली. ऑक्टोबर २०११मध्ये संघ पुण्यात आला, बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. तिकडे एवूडवर प्रेक्षक मॅनेजर बदला म्हणून फलक धरत होते.

७ मे २०१२ची संध्याकाळ. धो धो पाऊस, घरच्या मैदानावर विगनशी सामना, हरलं की प्रीमियर लीग संपली. सामना सुरू असताना कुणीतरी मैदानात एक कोंबडी सोडली, अंगावर क्लबाचा झेंडा लपेटलेली. ती गवतावर पळत होती, खेळाडू तिला धरायला बघत होते. ते चित्र जगभर गेलं आणि लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्यांना मालकाशी बोलायला कुठलाही दरवाजा नाही अशा लोकांनी टोकाला जाऊन केलेली ती गोष्ट होती. सामना संपायला थोडाच वेळ असताना विगनने गोल केला. अकरा हंगाम वरच्या श्रेणीत काढलेला संघ खाली गेला.

त्यानंतरच्या एका हंगामात जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या भागधारकांनी खपवून घेतलं नसतं. कीन सप्टेंबरअखेर गेले. हेनिंग बर्ग आले आणि ५७ दिवसांत गेले. मायकल अॅपल्टन आले आणि ६७ दिवसांत गेले. बर्ग यांच्या करारातली साडेबावीस लाख पाउंडांची भरपाई देण्यावरून प्रकरण मँचेस्टरच्या कोर्टात गेलं. तिथे क्लबातर्फे असं मांडलं गेलं की ज्या व्यवस्थापकीय संचालकाने हा करार केला, त्याला तशा अटी-शर्ती देण्याचा अधिकारच नव्हता. आधी देणं कबूल केलेलं असल्याने कोर्टाने ही बाजू ऐकून घेतली नाही आणि रक्कम द्यावी लागली. माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणात पैशांपेक्षा गंभीर गोष्ट ही आहे: क्लबात कुणाला कशाचा अधिकार आहे हे खुद्द क्लबालाच नक्की सांगता येत नव्हतं. निर्णय पुण्यात, सही ब्लॅकबर्नमध्ये, आणि मध्ये कोण काय ठरवतं याचा पत्ता नाही.

मे २०१७मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला कोणताही संघ त्याआधी इतका खाली गेला नव्हता. टोनी मोब्रे यांनी वर्षभरात त्याला दुसऱ्या श्रेणीत परत नेलं. तिथून वर जाणं काही जमलं नाही. एवूडमध्ये एकतीस हजार माणसं मावतात. या काळात कित्येक हंगाम निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

६. मालकांच्या बाजूचंही बोललं पाहिजे.

वेंकीजने क्लब लुटला असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. उलट त्यांनी आजवर वीस कोटी पाउंडांहून जास्त ओतले आहेत आणि त्यातलं बरंचसं कर्ज भागभांडवलात बदललं आहे. दुसऱ्या श्रेणीतले क्लब बहुतेक सगळेच तोट्यात चालतात. मालक हप्त्याहप्त्याने पैसा देतो म्हणून पगार होतात. खाली घसरल्यावर हात झटकून निघून जाणारे मालक इंग्लंडने पुष्कळ पाहिले. हे गेले नाहीत. महासाथीच्या काळात सामने रिकाम्या मैदानात झाले तेव्हाही पगार थांबले नाहीत. याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं.

पण पैसा देणं आणि उत्तर देणं या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, आणि पहिली पार पाडली म्हणून दुसरी माफ होत नाही. मालक मैदानावर वर्षानुवर्षं फार क्वचित दिसले. शिवाय पैसा पाठवणंही त्यांच्या एकट्याच्या हातात राहिलं नाही. सक्तवसुली संचालनालयाने परकीय चलन कायद्याखाली सुरू केलेल्या चौकशीमुळे भारतातून क्लबाला रक्कम पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. चौकशी म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, हे स्पष्ट सांगतो. पण परिणाम बघा: लँकेशायरमधल्या माणसांचा क्लब कुठला खेळाडू ठेवेल आणि कुठला विकेल, हे दिल्लीतल्या कोर्टाच्या तारखेवर येऊन ठेपलं. फेब्रुवारी २०२४मध्ये ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून क्लबात वाढलेला अॅडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. तो चारेक महिन्यांत इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात होता.

७. महिला संघाचं काय झालं ते वेगळं नोंदवतो.

किरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे, एला टून. इंग्लंडच्या महिलांनी २०२२ आणि २०२५ची युरोपीय विजेतेपदं जिंकली त्या संघातल्या या तिघी ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये घडलेल्या. २०२५मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक लीगने सुविधांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या अटी वाढवल्या, तो खर्च करायला मालक तयार झाले नाहीत, आणि महिला संघ त्या लीगमधून मागे घेतला गेला. पुरुषांच्या संघावरच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ होती. गावातल्या मुलींसाठी असलेली एक वाट बंद करायची की नाही, हे एका कुटुंबाच्या कंपनीने ठरवावं आणि गावाला बातम्यांतून कळावं, हे मला मान्य नाही.

८. कायदा लागतो, हे बरीने सिद्ध केलं.

ब्लॅकबर्नपासून फार लांब नसलेलं बरी हे गाव. त्याचा क्लब १८८५चा, दोनदा एफए कप जिंकलेला. डिसेंबर २०१८मध्ये तो स्टीव्ह डेल यांनी एका पाउंडाला घेतला. पैसा कुठून आणणार याचा पुरावा लीगच्या हाती येण्याआधीच हा व्यवहार झाला होता. एप्रिल २०१९मध्ये संघ वरच्या श्रेणीत चढला, तरी खेळाडूंचे पगार थकलेले. २७ ऑगस्ट २०१९ला, शेवटच्या मुदतीच्या दिवशी, शेकडो माणसं झाडू आणि बादल्या घेऊन गिग लेन मैदान धुवायला आली. क्लब वाचेल, शनिवारी सामना होईल या आशेने त्यांनी खुर्च्या पुसल्या. त्याच रात्री बरीला लीगमधून काढून टाकलं.

मालकांच्या पात्रतेची चाचणी २००४पासून होती. तिने मुख्यतः गुन्हे आणि दिवाळखोरी तपासली. पैसा किती, कुठला, किती वर्षांचा, याकडे ती पुरेशी बघत नव्हती. बरीनंतर, आणि एप्रिल २०२१मध्ये सहा बड्या क्लबांनी सुपर लीगचा घाट घातल्यानंतर, माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या समितीने स्वतंत्र नियामक नेमायची शिफारस केली. जुलै २०२५मध्ये तसा कायदा झाला. आता वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना परवाना लागेल, मालकाच्या पैशाचा उगम तपासला जाईल, मैदान विकायला नियामकाची मंजुरी लागेल, क्लबाचं बोधचिन्ह आणि रंग चाहत्यांना विचारल्याशिवाय बदलता येणार नाहीत, आणि नालायक ठरलेल्या मालकाला बाजूला करता येईल. कायदा होऊन तीन महिने होतात तोच, ऑक्टोबर २०२५मध्ये, शेफील्ड वेन्सडे हा आणखी एक जुना क्लब मालकाच्या अखत्यारीत पगार थकवून प्रशासकाच्या हाती गेला. उशीर किती झाला होता ते यावरून दिसतं.

९. हे तत्त्व आपल्या कायद्यात आधीपासून आहे.

आपल्याकडचं देवस्थान, वाचनालय, शिक्षणसंस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ३६प्रमाणे न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विश्वस्तांनी स्वतःच्या खिशातून कितीही देणगी दिली असली, तरी वाचनालयाची इमारत त्यांची होत नाही. कुणाला यात मालमत्तेच्या हक्कावर घाला दिसत नाही. फुटबॉलच्या मैदानाला हाच नियम लावा, एवढंच मागणं आहे. २०२१मध्ये ब्रॉकहॉलच्या सरावाच्या जागेपैकी काही भागावर घरं बांधायची योजना पुढे आली तेव्हा लोकांनी विरोध केला. पण त्यांच्या हातात नगररचनेच्या हरकतींपलीकडे काही नव्हतं. वॉकर यांच्या पैशातून झालेल्या त्या जागेवर गावाचा कायदेशीर शब्द चालत नव्हता.

१०. पुणे, मुंबई, गोवा: आपलेही क्लब असेच गेले.

आपण हे दुरून बघायचं कारण नाही. एकट्या पुण्याने किती क्लब गमावले ते मोजा. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७मध्ये सुरू झाला, काही वर्षं आय-लीगमध्ये उत्तम खेळला, मग मालकांनी अंग काढून घेतलं. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळून बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबईत २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये कंपनीने बंद केला. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांनी २०१६मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाच्या निषेधात आय-लीग सोडली. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. प्रत्येक वेळी निर्णय संचालक मंडळात झाला. बालेवाडीत ढोल-ताशे घेऊन येणाऱ्या पोरांना तो वर्तमानपत्रात वाचायला मिळाला. ब्लॅकबर्नच्या माणसांजवळ निदान दीडशे वर्षांचं नाव आणि आरडाओरडा करायची ताकद होती. आपल्याकडे क्लब गेला की आठवडाभरात विषय संपतो.

११. सभासदांची मालकी हा उपाय आहे, पण तो आपोआप चालत नाही.

जर्मनीत १९९८पासून बहुतेक क्लबांत निम्म्याहून एक मत जास्त सभासदांकडे असावं लागतं. कोल्हापुरात तर हे बिननियमाचं चाललं आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही तालमींची आणि पेठांची नावं; शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की अख्खी पेठ तिथे असते. पाटाकडीलचा कुणी मालक नाही, त्यामुळे तो कुणी हैदराबादला नेऊ शकत नाही. अर्थात तिथे हाणामाऱ्यांनी सामने थांबतात, पुढाऱ्यांचे वशिले चालतात. सभासदांच्या मालकीचा दुरुपयोग कसा होतो हे आपण सहकारी साखर कारखान्यांत पाहिलं आहे. म्हणून मी सगळे क्लब सभासदांकडे द्या असं म्हणत नाही. मालक खाजगी असू दे. त्याच्यावर अटी घाला.

१२. मागण्या.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबांना परवाना देताना शहराची अट घालावी: किमान दहा वर्षं त्याच शहरात, आणि बंद करायचा तर एक हंगाम आधी नोटीस. संचालक मंडळावर चाहत्यांनी निवडलेला एक माणूस असावा, त्याला कागद बघायचा अधिकार असावा. महाराष्ट्र आणि गोवा सरकारांनी क्लबांना मैदानं भाड्याने देताना याच अटी करारात लिहाव्यात. बालेवाडीची जागा सरकारी आहे, तिथे हे उद्या करता येईल.

वेंकीजकडे मी पुणेकर म्हणून मागतो. ब्लॅकबर्नमध्ये वर्षातून एक खुली सभा घ्यावी. मालकांपैकी एकाने तिथे स्वतः बसावं, दुभाष्यासारखा अधिकारी पाठवू नये. त्या वर्षीचा जमाखर्च टेबलावर ठेवावा, पैसा पाठवण्यात अडचण काय आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. महिला संघ परत कसा उभा करणार त्याची तारीख द्यावी. एवूड पार्क आणि ब्रॉकहॉल गावाच्या संमतीशिवाय विकणार नाही असं कंपनीच्या नियमावलीत लिहून द्यावं. क्लब विकायचा झाला तर पहिला प्रस्ताव ब्लॅकबर्नच्या लोकांपुढे ठेवावा, आणि त्यांना पैसा उभा करायला पुरेसे महिने द्यावेत.